विद्यापीठाची वेस

आमच्या घरचे दूध डेअरीवर जाते. ‘फॅट’ पाहून दर ठरतो. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात पूर्वी दुधाचे पैसे केवळ वजनमापावर मिळत. त्यामुळे पाणी घालणाऱ्याचे फावे आणि प्रामाणिक शेतकरी बुडे. तेथील राज्य विद्यापीठातील स्टीफन बॅबकॉक यांनी १८९० साली गंधकाम्लाच्या साहाय्याने दुधातील स्निग्धांश मोजण्याची सोपी रीत काढली व पेटंट न घेता ती सर्वांना खुली केली. विद्यापीठाची वेस म्हणजे राज्याची वेस, हा विचार पुढे तेथेच ‘विस्कॉन्सिन कल्पना’ म्हणून रुजला.

मी कला शाखेचा विद्यार्थी. प्रयोगशाळा माझी नव्हे. परंतु डेअरीच्या पावतीवरील आकडा शेजाऱ्यांना समजावून सांगणे तरी मला जमावे. नाहीतर माझी पदवी वेशीबाहेरच राहिली, असे म्हणावे लागेल.