पासिंगच्या आदल्या संध्याकाळी

मेहुण्यांच्या गाडीला १५ वर्षं पूर्ण होत आली होती. खासगी गाडीची नोंदणी तेवढ्याच काळाची असते. पुढे पाच वर्षं वाढवून हवी असतील तर आरटीओत पासिंग आलंच. मेहुण्यांनी तयारी मनापासून केली. टायर बदलले, पीयूसी काढली, बंपरमागच्या गंजलेल्या पट्टीला काळा रंग मारून घेतला. आदल्या संध्याकाळी गेटातून गाडी काढताना हॉर्न दाबला, तर आवाजच नाही.

“हॉर्नच गेला असणार, नवा टाका.” हा सल्ला माझा. दुकान बंद व्हायच्या आत त्यांनी नवा हॉर्न आणला, बसवला. तोही गप्प! पासिंगची तारीख हुकली. न तपासता दिलेल्या त्या सल्ल्याची मला आजही रुखरुख आहे.

दुसऱ्या दिवशी आलेल्या ऑटो इलेक्ट्रिशियनने हॉर्नला हातही लावला नाही. मेहुण्यांना बटण दाबायला सांगून तो फ्यूज बॉक्सजवळ कान देऊन उभा राहिला. टक्. रिले ओढत होता, म्हणजे स्टिअरिंगवरचं बटण ठीक. मग टेस्ट लॅम्पचं एक टोक बॉडीला आणि दुसरं हॉर्नच्या वायरीला. बटण दाबताच दिवा लागला. करंट हॉर्नपर्यंत पोचत होता. उरला अर्थ. बॅटरीच्या निगेटिव्हवरून एक वायर त्याने हॉर्नच्या पट्टीला टेकवली आणि गल्ली दणाणली.

त्या हॉर्नला वायर एकच. करंटचा परतीचा रस्ता पट्टी आणि बोल्टमधून बॉडीकडे जाणारा, आणि नेमका तोच रंगाने बुजला होता. बोल्ट काढून त्याने पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा घासली, चकचकीत पत्रा दिसू लागल्यावर बोल्ट आवळला. जुना हॉर्न लावून पाहिला, तोही खणखणीत वाजला.

म्हणून पासिंगसाठी डेंटिंग-पेंटिंग केलं असेल तर आधी अर्थ पाहावा. एरवी सुरुवात फ्यूजपासून. फ्यूज उडाला असेल तर तितक्याच अँपिअरचा टाकावा. जास्तीचा टाकला किंवा तारेचा तुकडा गुंडाळला तर वायरिंग जळू शकतं. रिलेचा टक् आवाज येत नसेल तर त्याच बॉक्समधला, त्याच नंबरचा दुसरा रिले तिथे लावून पाहता येतो. पावसाळ्यानंतर आवाज घोगरा झाला असेल तर हॉर्नमध्ये पाणी शिरलेलं असतं किंवा कनेक्टरवर हिरवट थर चढलेला असतो.

एक काम मात्र घरी करू नये. स्टिअरिंग एका बाजूला वळवलं की हॉर्न वाजतो, सरळ केलं की बंद, आणि सोबत एअरबॅगचा दिवाही लागलेला, असं असेल तर बहुधा स्टिअरिंगखालची क्लॉक स्प्रिंग तुटलेली असते. एअरबॅगचं पॅड स्वतः उघडणं जिवावर बेतू शकतं. ते काम जाणकार मेकॅनिककडेच द्यावं.

घाईत दुकानदार देईल तो हॉर्नही घेऊ नये. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ११९ वा नियम सुरावटीच्या आणि कर्कश हॉर्नना मनाई करतो. असा हॉर्न कितीही जोरात वाजला तरी पासिंगला अडतो.

मेहुण्यांना पुढची तारीख मिळाली. या वेळी त्यांनी आठ दिवस आधीपासून रोज सकाळी हॉर्न वाजवून पाहिला, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवूनसुद्धा. निरीक्षकांनी तो एकदाच दाबला आणि ते वायपरकडे वळले.