असते, तर असते

मुलांनो, सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्याचे मुख्य ठिकाण म्हणजे वडूज. हे गाव येरळा नदीच्या काठी वसले आहे. पश्चिमेकडून येणारे मेघ आपला बहुतेक भार सह्याद्रीवर उतरवितात आणि या भागाच्या वाट्याला थोडाच पाऊस येतो. म्हणूनच की काय, येथील शेतकऱ्याच्या बोलण्यात 'तर' हा शब्द वारंवार येतो.

ज्येष्ठ महिन्यात तो म्हणतो, 'पाऊस पडला, तर पेरणी होईल.' पाऊस पडेल किंवा पडणारही नाही. गोष्ट अजून हातची गेलेली नाही. भाद्रपदात करपलेल्या बाजरीकडे पाहून तोच म्हणतो, 'पाऊस पडला असता, तर बाजरी आली असती.' येथे आशा उरली नाही. पाऊस पडला नाही, हे त्याने न सांगताच आपणांस समजले. हे काम 'असता' या एका शब्दाने केले. क्रियापदाच्या रूपावरून 'अमुक झाले असते, तर अमुक घडले असते' असा बोध होतो, तेव्हा त्यास संकेतार्थ म्हणतात.

आता पहिले वाक्य पुन्हा वाचा. 'पडला' हे रूप भूतकाळाचे. पाऊस मात्र अजून यावयाचा आहे! रूप एका काळाचे आणि अर्थ दुसऱ्या काळाचा, असे भाषेत घडते. इंग्रजी शिकताना ही गोष्ट फार उपयोगी पडते.

इंग्रजीत 'मला पंख असते, तर मी उडालो असतो' हे वाक्य 'इफ आय हॅड विंग्ज, आय वुड फ्लाय' असे होते. यातील 'हॅड' हे रूप भूतकाळाचे असले, तरी बोलणे आजचे आहे. ते रूप काळ दाखवीत नाही. ही केवळ कल्पना आहे, एवढेच दाखविते. मराठीत 'असते' दोन्हीकडे येते. म्हणून आपली मुले 'वुड' हा शब्दही दोन्हीकडे घालतात. तसे करू नये. इंग्रजीत 'वुड' फळाच्या वाक्यात येतो, अटीच्या वाक्यात नाही. 'मी मेघ असतो' याला मात्र 'इफ आय वेअर ए क्लाउड' म्हणतात. एरवी 'आय'बरोबर न येणारे 'वेअर' येथे खुशाल येते. आणि बाजरीचे वाक्य गेलेल्या काळाविषयी असल्यामुळे तेथे 'इफ इट हॅड रेन्ड' म्हणावे लागते. आज आणि काल यांतला हा भेद इंग्रजी रूपाने दाखविते. मराठीत तो पुष्कळदा संदर्भावरून ओळखावा लागतो.

वाक्य शुद्ध झाले, तरी कल्पना तपासावी लागते. 'सह्याद्री नसता, तर वडूजला भरपूर पाऊस पडला असता,' असे कोणी म्हणेल. परंतु समुद्रावरून येणारी दमट हवा डोंगराला अडून वर चढते, थंड होते, म्हणून तेथे पाऊस पडतो. डोंगरच नसता, तर ती वर चढली कशी असती? महाबळेश्वरी उगम पावणाऱ्या कृष्णा-कोयना आजच्यासारख्या वाहिल्या नसत्या. येरळा ब्रह्मनाळजवळ ज्या कृष्णेस मिळते, ती कृष्णाच मग कोठली!

आणखी एक वाक्य घ्या. ९ सप्टेंबर १९४२ रोजी, 'भारत छोडो' आंदोलनात, वडूजच्या कचेरीवर तिरंगा लावण्यासाठी मोर्चा निघाला. पोलिसांनी गोळीबार केला. परशुराम घार्गे आणि त्यांचे आठ साथी, असे नऊ जण हुतात्मा झाले. 'गोळीबार झाला नसता, तर ते नऊ जण घरी परतले असते,' असे आपण म्हणू. पण कदाचित ते तुरुंगात गेले असते. दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. कोणते खरे ठरले असते, हे व्याकरण सांगू शकत नाही. मात्र दोन्हींतला 'असते' एकच गोष्ट सांगतो: ते परतले नाहीत.

अभ्यास : 'येरळेला पूर आला, तर आम्ही पलीकडे जाणार नाही' आणि 'येरळेला पूर आला नसता, तर आम्ही पलीकडे गेलो असतो' या वाक्यांपैकी पूर खरोखर कोणत्या वाक्यात आला आहे? कशावरून?