चाकांवरचा बंब

बंब आपणां सर्वांच्या ओळखीचा आहे. तांब्याचे मोठे भांडे. त्याच्या पोटातून वर जाणारी एक नळी. नळीत गोवऱ्या, काटक्या, कोळसे घालावयाचे. नळीच्या भोवती पाणी. विस्तव आणि पाणी यांची गाठ पडत नाही. पण मधल्या तांब्यातून विस्तवाची ऊब पाण्याला मिळते.

आता कोणी म्हणाले की, इंग्लंडात काही लोक असा बंब मोटारगाडीत घालून गावभर हिंडतात, तर तुम्ही हसाल. आम्हीही हसलो होतो.

आमच्या शाळेतून शिकून गेलेला एक विद्यार्थी इंग्लंडात असतो. गेल्या दिवाळीत तो गावी आला. घरी त्याची बहीण बाळंतपणासाठी आलेली होती. तिला आणि बाळाला पाहावे म्हणून तो आला. पारावर मंडळींनी विचारले, "काय करतोस रे तिकडं?" तो म्हणाला, "लोकांच्या खिडक्या धुतो." चार माणसे गालांत हसली. त्याच्या वडिलांनी मान खाली घातली.

आम्हांला ते बरे वाटले नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला घरी बोलावले. सारा धंदा नीट समजून घेतला. तोच या पाठात सांगत आहोत.

शिडी गेली, काठी आली

इंग्लंडात थंडी आणि पाऊस फार. घरांना काचेच्या खिडक्या असतात. काचेतून उजेड येतो आणि ऊब आत राहते. या काचा बाहेरून मळतात. त्या धुणे हा तिकडे एक स्वतंत्र धंदा आहे. धुणाऱ्याची घरे ठरलेली असतात. चार, सहा किंवा आठ आठवड्यांनी तो प्रत्येक घरी येतो, खिडक्या धुतो आणि ठरलेले पैसे घेतो.

पूर्वी हे काम शिडीवर चढून करीत. एका हातात बादली, एका हातात फडके. शिडी सरकली की माणूस खाली. कित्येकांचे हातपाय मोडले, कित्येक जिवाला मुकले. सन २००५ मध्ये तिकडच्या सरकारने उंचीवरील कामाचे नवे नियम केले. त्यांतला मुख्य नियम असा: जे काम जमिनीवरून करता येईल, ते वर चढून करू नये.

मग वरच्या मजल्याची काच धुवावी कशी? त्यासाठी लांब काठी वापरतात. ती कार्बनच्या किंवा काचेच्या तंतूंची केलेली असते. त्यामुळे ती हलकी आणि ताठ असते. टोकाला ब्रश असतो. काठीच्या आतून बारीक नळी ब्रशापर्यंत जाते. धुणारा जमिनीवर उभा राहतो. वर ब्रश घासतो आणि पाणीही सोडतो.

न पुसता काच कोरडी कशी होते?

येथे आम्ही त्याला अडविले. "अरे, घासलंस ते खरं, पण वरची काच पुसतो कोण?"

तो म्हणाला, "गुरुजी, पुसतच नाही. पाणी आपोआप वाळतं आणि डाग राहत नाही."

याचे कारण पाण्यात आहे. विहिरीचे पाणी भांड्यात रोज तापविले की आतून पांढरा थर धरतो. पाणी वाफ होऊन जाते, पण त्यात विरघळलेले क्षार मागे राहतात. काचेवरही तसेच होते. थेंब वाळतो आणि पांढरा ठिपका उरतो. लंडनच्या आसपास जमिनीत चुनखडी आहे. तेथील पाणी फार जड. स्कॉटलंडकडील पाणी पुष्कळ हलके.

म्हणून हे लोक पाण्यातले क्षार काढून टाकतात. आधी पाणी एका बारीक पडद्यातून दाबून नेतात. आपल्याकडे 'आरओ'चे पाणी मिळते, त्याचीच ही रीत. त्याने बहुतेक क्षार जातात. उरलेले काढण्यासाठी राळेसारख्या बारीक मण्यांनी भरलेल्या नळकांड्यातून ते नेतात. मग छोट्या मापक यंत्राने तपासतात. यंत्राने शून्य दाखविले की पाणी कामाचे झाले. अशा पाण्याने काच धुतली की ती पुसावी लागत नाही.

मग पाणी तापवायचे कशाला?

थंड पाण्यानेही काच स्वच्छ होते. पुष्कळ जण थंड पाण्यावरच काम भागवितात. पण गरम पाण्याचे तीन फायदे आहेत.

पहिला फायदा: तेलकट मळ, पक्ष्यांची विष्ठा, कोळ्यांची घाण ही लवकर सुटतात. तुपाचे भांडे थंड पाण्याने घासून पाहा आणि गरम पाण्याने घासून पाहा. फरक लगेच कळेल.

दुसरा फायदा: हिवाळ्यात रबरी नळी थंडीने ताठ होते आणि वळत नाही. गरम पाणी वाहिले की ती मऊ राहते. गारठलेल्या हातांनाही ऊब मिळते.

तिसरा फायदा: कडक थंडीत नळीतले पाणी चटकन गोठत नाही. पाणी गोठले की फुगते. शंभर घागरी पाण्याचे बर्फ केले, तर ते सुमारे एकशे नऊ घागरींची जागा घेते. त्या जोराने पंप फुटतो आणि नळ्या तडकतात. म्हणून काम संपल्यावर थंडीत पंप रिकामा करून ठेवावा लागतो.

मात्र पाणी कढत असून चालत नाही. पेटलेल्या कंदिलाच्या काचेवर पाण्याचा थेंब पडला तर काय होते? काच तडकते. येथे प्रकार उलटा, पण कारण तेच. काच बर्फासारखी गार आणि पाणी कढत. एक भाग फुगतो, दुसरा फुगत नाही, आणि काच फुटते. ती भरून देण्याची पाळी धुणाऱ्यावर येते. म्हणून काचेवर कोमट पाणीच सोडतात. नळी लांब असते, तेव्हा बंबापासून ब्रशापर्यंत पाणी थोडे निवतेही.

बंबाचे तीन प्रकार

पहिला विजेचा. टाकीत विजेची कांडी असते. रात्री घरच्या विजेवर पाणी तापते. टाकीला जाड गोधडीसारखे वेष्टन असते. कांडी पाण्यात पूर्ण बुडालेली पाहिजे. टाकी रिकामी असता वीज चालू केली, तर कांडी जळते आणि आगीचे भय असते.

दुसरा डिझेलचा. गाडीच्याच टाकीतले थोडे डिझेल एका लहान भट्टीत जळते. त्याने एक वेगळे पाणी तापते. ते बंद नळ्यांत फिरत राहते. पातळ पत्र्यांच्या एका बाजूने ते जाते आणि दुसऱ्या बाजूने शुद्ध पाणी जाते. दोन्ही मिसळत नाहीत, पण ऊब इकडून तिकडे येते. गरम पाण्यात दुधाचे भांडे ठेवून आई दूध कोमट करते, तशीच ही युक्ती.

तिसरा गॅसचा. स्वयंपाकाच्या गॅससारख्या गॅसवर तो चालतो. पाणी वाहू लागले की ज्योत पेटते, थांबले की विझते. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो तळाशी साचतो. म्हणून गाडीच्या तळाशी त्याला बाहेर पडावयास वाट ठेवावी लागते.

तिन्ही प्रकारांत एक नियम पाळावा लागतो. पाणी आधी शुद्ध करावे, मग तापवावे. गरम पाण्याने तो पडदा आणि ते मणी बिघडतात.

थोडा हिशेब

१ लिटर पाणी १ अंशाने तापविण्यास जी उष्णता लागते, तिला १ किलोकॅलरी म्हणतात. विजेच्या १ युनिटात सुमारे ८६० किलोकॅलरी असतात.

टाकीत ४०० लिटर पाणी आहे. ते १० अंशांवरून ४० अंशांवर न्यावयाचे आहे. वाढ ३० अंशांची. ४०० ला ३० ने गुणले म्हणजे १२,००० किलोकॅलरी. त्याला ८६० ने भागले म्हणजे सुमारे १४ युनिट. कांडी तासाला ३ युनिट घेत असेल, तर जवळजवळ पावणेपाच तास लागतील.

बघा, सकाळी कामाला निघावयाचे तर कांडी मध्यरात्रीच लावली पाहिजे. हा हिशेब ज्याला येत नाही, त्याचे पाणी सकाळी गारच राहील. म्हणून आम्ही सांगतो, अक्षराबरोबर अंकही शिका.

आता वजन पाहा. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो. ४०० लिटर म्हणजे ४ क्विंटल. बैलगाडीत मोकळे पोते ठेवले, तर उतारावर ते पुढे येते. मोटारीने एकदम ब्रेक लावला, तर चार क्विंटलची टाकी हाकणाऱ्याच्या पाठीवर येईल. म्हणून टाकी लोखंडी चौकटीत घालून गाडीच्या सांगाड्याला बोल्टांनी जखडतात. अर्धी भरलेली घागर डुचमळते, तशी टाकीही डुचमळते. त्यासाठी टाकीत आडवे पडदे बसवितात.

दोन छुपे शत्रू

पहिला शत्रू साचलेले कोमट पाणी. सन १९७६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी एका मेळाव्यातील अनेक माणसे न्यूमोनियासारख्या आजाराने दगावली. पुढे त्याचे जंतू सापडले. हे जंतू २० ते ४५ अंशांच्या पाण्यात वाढतात. पाण्याचे बारीक तुषार श्वासाबरोबर आत गेले की रोग जडतो. ६० अंशांच्या वर हे जंतू टिकत नाहीत. म्हणून कोमट पाणी टाकीत दिवसेंदिवस ठेवू नये. दिवसाचे पाणी दिवसा संपवावे आणि टाकी वरचेवर धुवावी.

दुसरा शत्रू याहून वाईट. त्याची गोष्ट आमच्या विद्यार्थ्याने फार हळू आवाजात सांगितली.

त्याने पहिल्या वर्षी एक जुनी गाडी विकत घेतली. तीत गॅसचा बंब होता. त्याचे धुराडे सांध्याशी सैल झाले होते. त्याला ते ठाऊक नव्हते. एके दुपारी बर्फ पडू लागले. तो डबा खावयास गाडीत बसला. दारे लावली आणि ऊब राहावी म्हणून बंब चालू ठेवला. थोड्या वेळाने डोके ठणकू लागले. मळमळ झाली. मग झोप येऊ लागली. त्याला वाटले, दमलो असेन.

इतक्यात एका घरची म्हातारी पैसे द्यावयास आली. तिने दारावर थाप मारली. उत्तर नाही. तिने दार उघडले. तो उठू शकत नव्हता. तिने आरडाओरड केली. शेजाऱ्यांनी त्याला उघड्यावर आणले आणि दवाखान्यात नेले. तेथे त्याला प्राणवायू दिला. तो वाचला.

हे कशाने झाले? कोळसा, लाकूड, गॅस, डिझेल यांना जळण्यास पुरेशी हवा मिळाली नाही, की एक विषारी वायू निघतो. त्याचे नाव कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. डोळे चुरचुरत नाहीत. तो रक्ताला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग रक्तात प्राणवायूला जागा उरत नाही. माणूस झोपेतच जातो.

म्हणून धुराडे गाडीच्या बाहेर काढलेलेच पाहिजे. ते वरचेवर तपासले पाहिजे. बंब चालू असता गाडीत बसून राहू नये. या वायूची चाहूल लागताच घंटा वाजविणारे छोटे यंत्र मिळते. आमच्या विद्यार्थ्याच्या गाडीत आता ते आहे.

आपल्या घरात पाहा

वाचकहो, आपल्याकडे अशी गाडी नाही. पण शेगडी आहे. थंडीत लोक दारे-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी ठेवतात आणि झोपतात. न्हाणीघर बंद करून गॅसचा बंब लावतात. वायू तोच आणि मरणही तेच. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही, असे समजू नका. निखारा लाल असला तरी तो हा वायू सोडतोच. ऊब हवी असेल, तर हवेलाही वाट ठेवा. विस्तवाजवळ डोके दुखू लागले, की आधी दार उघडा आणि बाहेर पडा. मग दवाखाना गाठा.

त्या संध्याकाळी आम्ही पारावर गेलो. मंडळींना हे सारे सांगितले. पाण्याची पारख, विजेचा हिशेब, वजनाचा तोल आणि जिवाची जोखीम, एवढे ज्याला सांभाळावे लागते, ते काम हलके कसे म्हणावे? आता कोणी हसले नाही.

विद्यार्थ्याचे वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "गुरुजी, एवढं झालं, पण पोरानं आम्हांला कधी कळू दिलं नाही."

ते उठले आणि तडक घरी गेले. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी पेटलेली होती आणि दार लोटलेले होते. त्यांनी आधी दार उघडले. मग शेगडी उचलून बाहेर ओसरीवर आणून ठेवली.

नवे शब्द

क्षार: पाण्यात विरघळलेले मिठासारखे पदार्थ.
तुषार: पाण्याचे अगदी बारीक थेंब.
वेष्टन: भोवती गुंडाळलेले आवरण.
धुराडे: धूर बाहेर नेणारी नळी.

प्रश्न

१. शुद्ध पाण्याने धुतलेली काच पुसावी का लागत नाही?
२. फार गार काचेवर कढत पाणी का सोडू नये?
३. २०० लिटर पाणी १० अंशांवरून ४० अंशांवर नेण्यास सुमारे किती युनिट वीज लागेल?
४. तुमच्या घरी शेगडी किंवा बंब कोठे ठेवता? तेथे हवेला वाट आहे काय? आज घरी जाऊन पाहा आणि उद्या वर्गात सांगा.