सोलापूरच्या किल्ल्याचा तंटा

पंढरीला गेलेली आपल्याकडची पुष्कळ मंडळी पुढे सोलापूरला सिद्धेश्वराचे दर्शन घेतात. तिथे तळ्याच्या काठी एक भुईकोट आहे. भुईकोट म्हणजे डोंगरावर नसून सपाट जमिनीवर बांधलेला किल्ला. आपल्या शिराळ्यातही असा कोट होता. सोलापूरच्या कोटापायी मात्र दोन राज्ये शंभर वर्षांहून अधिक काळ झगडली. ते कसे, ते आज आपण वाचू.

आधी थोडे दूर जाऊ. त्याच काळात तुर्कस्तान आणि इराण यांचे हाडवैर होते. तुर्कांचा सुलतान सुन्नी पंथाचा, इराणचा शहा शिया पंथाचा. मुसलमानांत हे दोन मोठे पंथ आहेत. १५१४ साली चाल्दिरानच्या मैदानात तुर्कांच्या तोफांनी इराणी घोडदळ मोडले. दोघांचा खरा डोळा होता बगदादवर. १५०८ साली ते इराणने घेतले, १५३४ साली तुर्कांनी, पुढे शहा अब्बासने परत घेतले, आणि १६३८ साली पुन्हा तुर्कांनी. दुसऱ्या वर्षी तह झाला आणि हद्द ठरली. इराण व इराक यांची आजची सीमा पुष्कळशी त्याच हद्दीवर आहे.

लोक म्हणतात, हे पंथाचं भांडण. आम्हाला ते पुरतं पटत नाही. का, ते सोलापूर सांगते.

आपला हा मुलूख तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीत होता. आदिलशाही स्थापणारा युसुफ हा तुर्की सुलतानाचाच मुलगा, अशी कथा होती. पण पंथ त्याने इराणच्या शहाचा घेतला. उत्तरेला अहमदनगरची निजामशाही होती, ती सुन्नी. दोघांच्या शिवेवर सोलापूर.

१५२४ साली सोयरीक जमली. विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम नगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली. आंदण म्हणून सोलापूर द्यायचे ठरले. लग्न लागले, नवरी सासरी गेली, पण किल्ला काही मिळेना! बुऱ्हाण फौज घेऊन मेहुण्यावर चालून गेला आणि हरून परत आला. तोंडी कबूल केलेल्या जमिनीपायी सोयऱ्यांचे दावे कसे चालतात, हे आपल्याला काही नवे नाही.

आता गंमत बघा. १५३४ साली विजापूरच्या गादीवर इब्राहिम आला आणि त्याने सुन्नी पंथ धरला. चार वर्षांनी नगरचा बुऱ्हाण शिया झाला. म्हणजे पंथांची अदलाबदल झाली, तरी तंटा होता तिथेच राहिला. १५५२ साली विजयनगरच्या रामरायाची मदत घेऊन बुऱ्हाणने सोलापूर जिंकले. १५५८ साली विजापूरला अली आदिलशहा आला, तो पुन्हा शिया. आता दोघेही एकाच पंथाचे झाले. मग भांडण मिटले का? छे! उलट अलीने रामरायालाच आपल्या बाजूला ओढले आणि नगरचा मुलूख लुटला.

त्या स्वारीत परिंड्यापासून जुन्नरपर्यंत वस्ती उरली नाही, असे फिरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. लिहिणारा थोडे वाढवून लिहितो, हे खरे. तरी हजारो घोडी उभ्या पिकातून गेल्यावर काय उरणार? रयतेला ना शिया ठाऊक ना सुन्नी. तिची ज्वारी गेली, बैल गेले. सोलापूर कोणाकडेही राहिले तरी सारा भरायचा तो तिनेच.

अखेर १५६४ च्या सुमारास पुन्हा सोयरीकच झाली. नगरच्या हुसेन निजामशहाने आपली लेक चांदबिबी अलीला दिली आणि आंदण दिले, तेच सोलापूर. या वेळी किल्ला खरोखर हाती आला. १५६५ साली हेच सासरे-जावई एक होऊन तालिकोटला रामरायावर तुटून पडले. चांदबिबी पुढे विधवा होऊन माहेरी आली आणि १५९५-९६ साली मोगलांच्या वेढ्यात तिने अहमदनगरचा किल्ला लढवला.

सोलापूर तरी शांत कुठले? निजामशाहीच्या मलिक अंबरने ते विजापूरकडून पुन्हा हिसकावले. १६३६ साली निजामशाहीच बुडाली, तेव्हा तहात ते विजापूरला मिळाले. आणि १६६८ साली दुसऱ्या अली आदिलशहाने तो किल्ला औरंगजेबाला देऊन टाकला.