पोरांची पेटी

पोरं घरात काहीबाही जमवतात. चिंध्या, रिकाम्या काड्यापेट्या, बाटल्यांची बुचं, रंगीत कागदांचे तुकडे. शाळेतून खडू येतो. जत्रेतून रंगपेटी येते. सगळे घरभर पसरते. मग दिवाळीत घर झाडताना आई ते गोळा करते आणि उकिरड्यावर टाकते.

संध्याकाळी पोरगी विचारते, "आई, माझे बैल कुठायत गं?"

"कसले बैल? मातीची ढेकळं होती ती!"

पोरगी गप्प होते. पुन्हा बैल करायला बसत नाही. यात नुकसान कोणाचे झाले? विचार करा.

कागदाची घडी घालताना पोराला अर्धा आणि पाव कळतो. मणी ओवताना मोजणी येते. माती मळताना बोटे वळतात. पेन्सिल धरायला हीच बोटे लागतात. तुम्ही पहिल्यांदा अक्षर गिरवलेत, तेव्हा बोटे कशी आखडली होती ते आठवा! मुलाने हाताने काम करता करता शिकावे, हा विचार गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत मांडला होता.

म्हणून पोरांच्या सामानाला घरात एक ठरलेली जागा द्या. पाण्याच्या हंड्याला जागा असते, विळीला असते, तशीच.

पेटी कशी करावी?

विकत काही आणायला नको. आंब्याची रिकामी लाकडी पेटी चालते. वर आलेले खिळे ठोकून घ्या. पेटी पोराचा हात पोचेल अशी ठेवा, पण चुलीपासून आणि ओलीपासून लांब. आत लहान डबे ठेवा. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवा : खडू, कागद, चिंध्या. चिठ्ठी तुम्ही स्वतः लिहा बरं का. पोराला वाचू द्या. तुमचाही सराव होईल आणि आईबापांनी लिहिलेले पोर अभिमानाने वाचील.

वस्तू कशा टिकतील?

कागद सपाट ठेवावा. कसर लागू नये म्हणून त्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला घालावा. तेलखडू उन्हात ठेवू नयेत, ते वितळतात. ब्रश धुवावा, आडवा ठेवून सुकवावा, मग केस वर करून डब्यात उभा ठेवावा. उरलेली माती ओल्या फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवली, तर पुन्हा कामाला येते. कणकेची खळ लागेल तेवढीच करावी. उरली की ती आंबते आणि झुरळं, उंदीर येतात. खळ टिकावी म्हणून काही जण तिच्यात मोरचूद घालतात. मोरचूद विष आहे. पोरांच्या खळीत घालू नये.

काय उंचावर ठेवावे?

सगळेच पोरांच्या हाती देऊ नये. कात्री, सुई, मणी, चिंचोके घट्ट झाकणाच्या डब्यात, उंच फळीवर ठेवा. मोठ्या माणसाने काढून द्यावे आणि मोजून परत घ्यावे. घरात रांगते मूल असेल, तर ते सापडेल ते तोंडात घालते. मणी घशात अडकला तर श्वास कोंडतो. चिंचोका नाकात गेला, तर घरी काडीने काढू नका. तो आणखी आत जातो. दवाखाना गाठा.

गुंज लालचुटूक दिसते, पण ती विषारी आहे. चावून गिळली तर जीव जाऊ शकतो. एरंडीचे बीही तसेच. ही दोन्ही पेटीत नकोत.

फवारणीच्या औषधाची बाटली रिकामी झाली, तरी रंगाच्या पाण्याला घेऊ नका. कितीही धुतली तरी तिच्यात विष राहू शकते.

पांढऱ्या रंगासाठी पोरांना चुना देऊ नका. डोळ्यात गेला तर डोळा भाजतो. तसे झालेच, तर डोळा लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि डॉक्टरकडे न्या. वारली लोक भिंतीवर चित्रे काढतात, ती तांदळाच्या पिठाने. तोच पांढरा रंग पोरांना पुरे आहे.

दोन नियम

पहिला नियम पोरांसाठी : खेळ संपला की सामान जागच्या जागी ठेवायचे. दुसरा नियम मोठ्यांसाठी : पोराला विचारल्याशिवाय त्याची वस्तू टाकायची नाही.

दुसरा नियम मोडला, तर पहिला कोणी पाळणार नाही.

सांगा पाहू

१. घडी घालताना पोर काय शिकते?
२. कोणत्या वस्तू उंच फळीवर ठेवाव्यात? का?
३. फवारणीच्या औषधाची बाटली का वापरू नये?

करून पाहा

आज घरातल्या एका डब्याला चिठ्ठी लिहून लावा. ती पोराकडून वाचून घ्या.