कंबरेचं हाड आधीच मोजता येत नाही का?

प्रश्न : माझी सून पहिलटकरीण आहे, नववा लागला आहे. उंची चार फूट दहा इंच. घरातल्या बायका आत्तापासून म्हणतात, 'हाड बारीक आहे, सिझरच होईल.' परदेशात अगदी कमी किरणांत कटीर मोजणारं यंत्र आहे, असं मुलाच्या वाचनात आलं. सोनोग्राफीत बाळाचं डोकं मोजतातच. मग दोन्ही मापं जुळवून निकाल आधीच का सांगत नाहीत? आपल्या भागात ही सोय नाही का?
– एक वाचक, परतवाडा

उत्तर : आधी सोयीचं सांगतो. सीटी स्कॅन आणि एमआरआय अमरावतीतही आहे, अकोल्यातही आहे, आणि दोन्हींवर कटीर मोजता येतं. (सोनोग्राफीचं तसं नाही. तिच्या लहरी हाडाशी अडतात, त्यामुळे डोकं दिसतं पण हाडाचा रस्ता नीट दिसत नाही.) तरीही डॉक्टर तुमच्या सुनेला मापासाठी पाठवत नाहीत, ते यंत्र नाही म्हणून नव्हे.

एके काळी हे माप पाश्चात्त्य देशांत सर्रास घेत. १९३३ मध्ये कॉल्डवेल आणि मोलॉय या अमेरिकन डॉक्टरांनी बायकांच्या कटिराचे चार प्रकार पाडले. विद्यार्थी ते अजून पाठ करतात. दिवस भरलेल्या बाईचा एक्स-रे काढायचा, पट्टी लावायची, सेंटिमीटर सांगायचे. मग १९५६ मध्ये ब्रिटनमध्ये अ‍ॅलिस स्टुअर्ट यांनी कर्करोगाने दगावलेल्या मुलांच्या आयांकडे गरोदरपणाची बारीक चौकशी केली. पोटात असताना एक्स-रे झालेल्या मुलांत हा आजार जास्त निघाला. बऱ्याच जाणकारांना ते पटलं नाही. पण १९६२ मध्ये अमेरिकेत ब्रायन मॅकमहन यांच्या स्वतंत्र पाहणीतही तेच दिसलं. नंतरच्या अंदाजानुसार बाळाला १० मिलीग्रे किरण लागले तर साधारण १,७०० बाळांमागे एकाला जास्तीचा बालकर्करोग होऊ शकतो. एका घराला हा आकडा लहान वाटेल. प्रत्येक गरोदर बाईचा एक्स-रे काढायचा म्हटलं, की तो लहान राहत नाही.

तुमच्या मुलानं वाचलेलं यंत्र बहुधा फ्रान्समधलं 'ईओएस'. त्याच्या मुळाशी जॉर्ज शार्पाक यांचा कणशोधक आहे, ज्यासाठी त्यांना १९९२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. बाई एका उभ्या कपाटासारख्या जागेत उभी राहते किंवा बसते. समोरून आणि बाजूने किरणांच्या दोन अगदी पातळ पट्ट्या एकाच वेळी सरकत जातात, आणि साध्या एक्स-रेपेक्षा कितीतरी कमी किरणांत दोन्ही चित्रं मिळतात. मूळ उपयोग वाकड्या पाठीच्या कण्यासाठी. तिथून ते प्रसूतिगृहापर्यंत पोचलं. एमआरआयमध्ये तर हे किरण नसतातच.

म्हणजे किरणांची भीती बव्हंशी मिटली. माप पुन्हा सुरू का झालं नाही मग?

कारण त्या आकड्याने बाळंतपणाचा अंदाज येत नाही. एक्स-रेने मापलेल्या आणि न मापलेल्या बायकांची तुलना करणाऱ्या पाच चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. बाळांना फायदा झाल्याचा पुरावा मिळाला नाही. मापलेल्या बायकांची सिझरं मात्र सुमारे एक तृतीयांशाने जास्त झाली. हे मला नवलाचं वाटत नाही. कागदावर 'साडेनऊ सेंटिमीटर' लिहिलेलं असलं की कळा लांबताच सगळ्यांचा धीर सुटतो, डॉक्टरांचाही आणि सासरच्यांचाही.

शिवाय मोजायचं ते स्थिर नसतं. बाळाच्या कवटीची हाडं जुळलेली नसतात. कळांच्या दाबाखाली ती एकमेकांवर थोडी सरकतात आणि डोकं निमुळतं होतं. आईचे सांधे गरोदरपणात सैलावतात. २००२ मध्ये झुरिकच्या डॉक्टरांनी गरोदर नसलेल्या बायकांना एमआरआयमध्ये निजवून, मग गुडघ्यांवर आणि उकिडवं बसवून मापं घेतली. उकिडवं बसल्यावर खालचा रस्ता काही मिलिमीटर रुंदावला. निजलेल्या बाईचं माप घेऊन आपण कोणत्या बाळंतपणाचा निकाल लावणार?

एका ठिकाणी मात्र माप कामाचं ठरू शकतं : पायाळू बाळ. डोकं आधी येणार असेल तर कळा हीच चाचणी. ते अडलं तर कळतं आणि सिझरला वेळ मिळतो. पायाळू बाळाचा सर्वांत मोठा भाग शेवटी येतो. त्याला निमुळतं व्हायला वेळ नाही आणि मागे फिरायलाही वाट नाही. २००० च्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीनंतर जगभर पायाळू म्हणजे सिझर असं ठरून गेलं. फ्रान्स-बेल्जियममध्ये मात्र निवडक बायकांची नैसर्गिक प्रसूती चालू राहिली, आणि त्या निवडीत कटिराचं माप धरतात. ईओएसचा प्रसूतीतला उपयोग तिथेच रुजला, तो यामुळे. अपघातात कटीर मोडलेलं असेल किंवा मुडदुसाने वाकलेलं असेल, तर तपासणीचा विचार वेगळा होतो.

आता तुमची सून. चार फूट दहा इंच म्हणजे सुमारे १४७ सेंटिमीटर. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात होणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीत १४० च्या खालच्या उंचीला जोखीम धरतात. त्या रेषेच्या ती वर आहे. उंचीची पट्टीही ढोबळच, पण वर मेळघाटात तिला फार मोल आहे : धारणीकडच्या बाईचं डोकं अडलं तर घाट उतरून अमरावतीपर्यंत यायला तास जातात, म्हणून तिला आधीच खाली आणून ठेवलेलं बरं. परतवाड्याहून अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटरच आहे, तरी शेवटच्या तपासणीत डॉक्टरांना तीन गोष्टी विचारून ठेवा : बाळाचं डोकं खाली आहे का, कळा थांबल्या तर रात्री सिझर कुठे होईल, आणि तिच्या गटाचं रक्त तिथे मिळेल का. आणि घरातल्या बायकांना सांगा, हाडाचा विषय तिच्यासमोर काढू नका.