वहिवाटीचा रस्ता आणि हेगचे न्यायालय

सावरगाव, पांढुर्णा व सौंसर या परिसरातील शेतकऱ्यास पांदणीचा तंटा नवा नाही. एखाद्याची संत्र्याची बाग चहूबाजूंनी दुसऱ्यांच्या शेतांनी वेढलेली असते. शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून बंडी नेल्याखेरीज माल बाहेर पडत नाही. असा वाद उद्भवल्यास मध्यप्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ च्या कलम १३१ अन्वये तहसीलदार स्थानिक चौकशी करतात आणि पूर्वापार वहिवाट व सर्व संबंधितांची सोय पाहून निर्णय देतात. गावच्या वाजिब-उल-अर्जमध्ये रस्त्याच्या हक्काची नोंद असल्यास तिचाही आधार मिळतो.

हाच तंटा दोन राष्ट्रांमध्ये निर्माण झाला तर? तेथे आंतरराष्ट्रीय कायदा लागू होतो. राष्ट्रांनी परस्परांशी केलेले करार, त्यांनी बंधनकारक मानून पाळलेले प्रघात आणि सर्वमान्य न्यायतत्त्वे हे त्याचे प्रमुख आधार होत. हा विषय केवळ राजधानीतील मुत्सद्द्यांचा आहे, असा समज आढळतो. तो कसा अपुरा आहे, हे पुढील उदाहरणावरून दिसून येईल.

दादरा-नगर हवेलीचा खटला

समुद्रकाठचे दमण आणि आतील भागातील दादरा व नगर हवेली हे प्रदेश पोर्तुगालच्या ताब्यात होते. मधली भूमी भारताची होती. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा व नगर हवेली मुक्त झाले. या लढ्यात महाराष्ट्रातील स्वयंसेवकही होते. सुप्रसिद्ध गायक-संगीतकार सुधीर फडके हे त्यांपैकी एक. भारताने दमणहून तेथे जाण्याचा मार्ग रोखला होता. पोर्तुगालने १९ डिसेंबर १९५५ रोजी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा अधिकार मान्य केला आणि अवघ्या तीन दिवसांनी, २२ डिसेंबरला, भारताविरुद्ध दावा दाखल केला. कायद्याची जाण असलेला प्रतिपक्ष किती तत्परतेने पाऊल टाकतो, हे येथे ध्यानी घेण्याजोगे आहे.

पोर्तुगालची भिस्त मराठ्यांशी झालेल्या १७७९ च्या करारावर होती. या कराराने आपणास त्या गावांचे सार्वभौमत्व मिळाले व त्याबरोबर जाण्या-येण्याचा हक्कही मिळाला, असे त्याचे म्हणणे होते. न्यायालयाने तो करार आणि १७८३ व १७८५ च्या सनदा तपासल्या. त्यांतील ‘जहागीर’ व ‘सरंजाम’ या शब्दांचा अर्थ निर्णायक ठरला. मराठ्यांनी दिला तो वार्षिक १२,००० रुपयांच्या महसुलाचा हक्क. राज्याधिकार नव्हे, असा निष्कर्ष निघाला. पुढे इंग्रजी अमदानीत पोर्तुगालचे सार्वभौमत्व व्यवहारात मानले गेले, हेही न्यायालयाने नमूद केले.

त्यानंतर न्यायालयाने, आपले तहसीलदार पाहतात त्याप्रमाणेच, वहिवाट पाहिली. सामान्य माणसे, मुलकी अधिकारी व माल यांची ये-जा दीर्घकाळ चालू होती. सैन्याची गोष्ट निराळी होती. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारान्वये ठरावीक कारणे वगळता सशस्त्र दलास रीतसर मागणी केल्यावाचून दुसऱ्याच्या हद्दीत प्रवेश नव्हता. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. भारताच्या नियंत्रणाखाली सामान्य वाहतुकीचा हक्क पोर्तुगालला होता, असे ११ विरुद्ध ४ मतांनी. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रे नेण्याचा हक्क नव्हता, असे ८ विरुद्ध ७ मतांनी. आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केला नाही, असे ९ विरुद्ध ६ मतांनी ठरले. लष्कर नेण्याचा प्रश्न केवळ एका मताने सुटला, यावरून युक्तिवादाचे महत्त्व कळते.

प्रशिक्षणाची निकड

भारताच्या बाजूने ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड उभे होते; त्यांच्यासमवेत वॉल्डॉक, गुगेनहाइम व रोलँ असे युरोपीय कायदेपंडित होते. नवस्वतंत्र राष्ट्रांपैकी अनेकांजवळ सेटलवाडांच्या तोडीचा स्वकीय विधिज्ञ नव्हता. सागरी सीमा, नद्यांचे पाणी, परकीय कंपन्यांशी करार अशा प्रसंगी ज्याच्याजवळ जाणकार नाही, त्याचा न्याय्य पक्षही लंगडा पडतो.

ही उणीव ओळखून संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने २० डिसेंबर १९६५ रोजी आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अध्यापन, अध्ययन व प्रसारासाठी साहाय्य कार्यक्रम स्थापन केला. त्यान्वये विकसनशील देशांतील अधिकारी व अध्यापक यांना हेग येथे अभ्यासवृत्ती मिळू लागली; आफ्रिका, आशिया व लॅटिन अमेरिका यांसाठी प्रादेशिक वर्ग योजण्यात आले. केवळ ऐच्छिक देणग्यांवर विसंबल्याने काही वर्ग भरू शकले नाहीत. म्हणून २०१४ मध्ये आमसभेने त्यांसाठी नियमित अर्थसंकल्पातून तरतुदीचा मार्ग मोकळा केला. २००८ पासून नामवंतांची व्याख्याने दृक्-श्राव्य ग्रंथालयाद्वारे विनामूल्य उपलब्ध आहेत. आपल्या देशात नवी दिल्ली येथील भारतीय आंतरराष्ट्रीय विधी संस्था १९५९ पासून हे कार्य करीत आहे.

शिक्षकांसाठी

या विषयाचा आरंभ गावातूनच करता येईल. विद्यार्थ्यांना गावचा नकाशा दाखवावा, पांदणी शोधावयास सांगाव्यात, वहिवाट कशी सिद्ध होते याची चर्चा करावी आणि मग दादरा-नगर हवेलीचा निकाल समजावून द्यावा. घरोघरी पडून असलेले जुने कागद, विशेषतः मोडी लिपीतील, जपून ठेवण्याचेही सांगावे. एका सरंजामी सनदेतील दोन शब्दांचा अर्थ पावणेदोनशे वर्षांनी हेगच्या न्यायासनापुढे लावावा लागला. असे शब्द वाचणारा आणि त्यांचा कायदेशीर अर्थ मांडणारा माणूस आपल्यातूनच तयार होणे, हेच या शिक्षणाचे प्रयोजन आहे.